वरच्या टोकाची गोटी

कपाट जिन्यावरून खाली आणायचं तर वरच्या टोकाला बुटका माणूस हवा आणि खालच्या टोकाला उंच. उलटं केलं की सगळं वजन खालच्याच्या छातीवर उतरतं, आणि मग तो कपाटाच्या खानदानाबद्दल जे बोलतो ते घरातल्या मुलांनी ऐकण्यासारखं नसतं. लोकांची घरं हलवून देणाऱ्या त्या कंपनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी माणूस कामावर घेताना मोठे मालक फक्त दंड बघायचे. दाबून बघायचे, बाजारात कलिंगड बघतात तसे.

गोटीचा दंड त्यांनी दाबलाच नाही. ती आली नवऱ्याच्या जागी. नवरा त्याच कंपनीत होता. एकदा संगमरवरी टेबल त्याच्या पाठीवर बसलं. टेबल उठलं, पाठ काही उठली नाही. महिनाभर त्याला फळीवर निजवून झाल्यावर ही एकटीच ऑफिसात जाऊन उभी राहिली.

"बाई, तुमच्याहून उंच आमचे खोके असतात," मोठे मालक म्हणाले.

"मग खोक्यात काय मावतं ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळेल," गोटी म्हणाली.

मालकांना हसू आलं आणि हसताहसता त्यांनी तिला कपबश्या कागदात गुंडाळायला ठेवून घेतलं. कपबश्या गुंडाळण्यातच तिचा जन्म गेला असता. पण एका घरी लाकडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. चार दांडगे गडी, चौघांची चार मतं, आणि कपाट तसूभर हलेना. गोटी वरच्या पायरीवर बश्यांचा खोका घेऊन ताटकळत उभी होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अहो, त्याचे पाय आधी भिंतीला टेकवा, मग डोकं खाली घ्या. आणि तुम्ही, खालचे, तुमच्या टाचेमागे पायरी आहे, अर्धा पाय मागे!" कपाट लोण्यातून सुरी निघावी तसं सुटलं. खालच्या टोकाला होता तो चौघांतला सगळ्यात उंच गडी, सगळे त्याला खांब म्हणायचे. घामाने निथळत तो म्हणाला, "ह्या बाईला वरच ठेवा. हिला माझे पाय दिसतात."

तेव्हापासून गोटी वरच्या टोकाला आणि खांब खालच्या. खालचा माणूस जिना उलटा उतरतो, पाठ खाली, तोंड कपाटाकडे. त्याला फक्त लाकूड दिसतं. म्हणून गोटी बोलत राहायची. "पायरी. पायरी. डावीकडे कुंडी आहे, घरमालकिणीची लाडकी दिसते. पायरी. शेवटची. मोकळं." मोकळं म्हणजे सपाट जागा आली, दम खा. खांब दम खायचा. चिडायचाही. "गोटे, कुंडीचं वर्णन पुरे, तिच्या फुलांचा रंग नको सांगूस."

"तुला काय कळणार, तुझं नाक कपाटाला चिकटलेलं. मी तुला फुकटात बाग दाखवतेय."

कंपनीत टोळीला गाडी म्हणायचे. तिसऱ्या गाडीत ह्या दोघांशिवाय आणखी दोघं होते. एक आजोबा. ते आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून थकले आणि थकल्यावर पलंग-कपाटं सुटी करायला आले. आजोबा माणसांशी कमी आणि स्क्रूंशी जास्त बोलायचे. "ये बाळा, ये. इतकी वर्षं आत बसलास, कंटाळला नाहीस? असा हट्ट करू नये. हां, शहाणं माझं." आणि मग स्क्रू निघाला की त्यालाच, "गाढवा."

दुसरा होहो. तो कुठल्या तरी लांबच्या मुलखातून आला होता. त्याची भाषा इथे कुणाला येत नव्हती आणि इथल्या भाषेतले त्याला दोनच शब्द यायचे, हो आणि भाऊ. उचलू का? हो हो. थकलास का? हो हो. तुझं डोकं फिरलंय का? हो हो, भाऊ. गोटीलाही तो गोटीभाऊ म्हणायचा, आणि एका घरच्या पणजीबाईंनाही भाऊ म्हणाला तेव्हा पणजीबाई आठवडाभर खूश होत्या म्हणे. पण शब्द कळत नसल्यामुळे होहो चेहरे बघायचा. कुणाचा ओठ दाताखाली गेला, कुणाची मान ताठली, की त्या माणसाला स्वतःला दमल्याचं कळण्याआधी होहोचा खांदा तिथे टेकलेला असायचा.

आता अशी ही वरात: एक ताडमाड, एक वीतभर, एक पिकलं पान आणि एक भाषेविना. बाकीच्या गाड्या त्यांना सर्कस म्हणायच्या. चिडवणाऱ्यांत पुढे असायची पहिली गाडी, चुलत-मामे-आते अशा पाच भावांची. पाचांची उंची एक, मिशी एक, नुसतं "हं" केलं की पाचांना कळायचं. भांडण नाही, बोलणं नाही, काम झपाट्याचं. फक्त चूकही पाचजण एकदमच करायचे, त्यामुळे ती कुणाच्या लक्षातच यायची नाही. एकदा पाचहीजणांनी मिळून एक पियानो चुकीच्या घरी नेऊन, वर चढवून, पुसून ठेवला होता.

सर्कशीच्या हातून मात्र काही फुटायचं नाही. परतताना गाडीत गोटी गिऱ्हाइकांच्या नकला करायची. नाकातून बोलणाऱ्या काकू, "जरा जपून हं, सासूबाईंची आठवण आहे... म्हणजे फुटली तरी चालेल, पण जपून." खांब इतका हसायचा की त्याचं डोकं गाडीच्या टपावर आपटायचं. होहोला एक अक्षर कळायचं नाही, पण काकू कळायच्या.

खांबाच्या डोळ्यांचं गोटीला कळलं ते असंच, काम करताकरता. मोकळ्यावर उभं असताना आजोबांनी बाजूने पाण्याची बाटली पुढे केली आणि खांबाला ती दिसलीच नाही. दुसऱ्यांदाही नाही. गोटीने कपाट खाली ठेवायला लावलं.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"खांबा, मला शेंड्या लावू नकोस. तुझ्यापेक्षा बुटकी असले तरी तुझ्याएवढी भोळी नाही."

काचबिंदू होता. कडेकडेचं गेलं होतं, मधलं राहिलं होतं, नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की थेंब टाकत राहा, गेलं ते येणार नाही, राहिलं ते टिकवू. खांबाने घरीही सांगितलं नव्हतं. "कामावर कळलं तर घरी बसवतील," तो म्हणाला. "आणि खांब आडवा झाला की त्याला ओंडका म्हणतात, गोटे. मला ओंडका नाही व्हायचं."

चौघांनी काही ठरवलं नाही, शपथ वगैरे तर नाहीच. काम आपोआप सरकलं. गोटीचं बोलणं थोडं वाढलं. आजोबा सुटे स्क्रू वाटेतून आधी वेचायला लागले. होहो खांबाच्या डाव्या अंगाला राहायला लागला. आणि खांब तर पूर्वीही जिना उलटाच उतरायचा. त्याला पूर्वीही गोटीच्याच डोळ्यांनी दिसत होतं. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला काहीसुद्धा बदललेलं दिसलं नाही.

मग मोठे मालक निवृत्त झाले आणि त्यांची लेक ऑफिसात बसायला लागली. सगळे तिला धाकट्या मॅडम म्हणायचे. धाकट्या मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या प्रत्येक गाडीबरोबर जिने चढल्या, खोके उचलले, बोटं चेमटून घेतली. आणि मग सगळ्यांना बोलावून त्यांनी सांगितलं, "अ‍ॅक्चुअली ना, मला एक गोष्ट कळलीये. आपली सगळ्यात चांगली गाडी तिसरी आहे. का? कारण त्यात चार जण चार तऱ्हांचे आहेत! एकाचं चुकलं तर दुसऱ्याला दिसतं. सगळे सारखे असले ना, की सगळे एकाच खिडकीतून बघतात."

पाच भाऊ एकदम म्हणाले, "हं."

गोटीची छाती फुगली. तिने खांबाला कोपराने ढोसलं. सर्कस म्हणायचे ना? घ्या.

"म्हणून," मॅडम म्हणाल्या, "आता सगळ्याच गाड्या तशा करायच्या. प्रत्येक गाडीत एक उंच, एक बुटका, एक अनुभवी, एक नवा. पण हळूहळू. आधी बाकीच्या गाड्या आहेत तशाच राहतील आणि तिसऱ्या गाडीतली चौघं चार गाड्यांत जातील, त्यांना शिकवायला. जसं आपण थोडंसं विरजण..."

बाकीचं गोटीला ऐकू आलं नाही. ती खांबाकडे बघत होती आणि खांब नळीतून समोरच्या भिंतीकडे. तो जाणार होता पाच भावांच्या गाडीत. जिन्यावर जिथे कुणी बोलत नाही, तिथे.

संध्याकाळी ती ऑफिसात गेली. "मॅडम, आम्हाला वेगळं करू नका."

"गोटीताई, तुम्ही चांगल्या आहात म्हणून तर करतेय."

"वेगवेगळी माणसं एका गाडीत कोंबली म्हणजे झालं असं नसतं हो. आम्हाला वर्षं लागली. पहिलं वर्ष तर मी आणि खांब एकमेकांना शिव्याच देत होतो."

"मग इतरांनाही लागू द्या ना वर्षं. मी थांबेन." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दुसरं काही कारण आहे का? असेल तर सांगा. खरंच ऐकेन मी."

कारण जिभेच्या टोकावर होतं. गोटीने ते गिळलं. "नाही. सवयीचं माणूस, दुसरं काय," ती म्हणाली आणि बाहेर आली.

नव्या गाड्यांचे पहिले दिवस म्हणजे नुसता गोंधळ. ह्याचं त्याला कळेना, त्याचं ह्याला. गोटीच्या वाट्याला आली तरुण पोरांची गाडी. ती "पायरी" म्हणाली की पोरं म्हणायची, "माहितीये हो मावशी, घर म्हटलं की पायरी असणारच." आजोबांच्या गाडीत कुणी धीर धरेना, ते स्क्रूला "ये बाळा" म्हणेपर्यंत मागून कुणी तरी हातोडा हाणायचा. होहोचं मात्र बरं चाललं होतं. त्याच्या गाडीतली माणसं त्याचं बघून एकमेकांच्या तोंडाकडे बघायला शिकत होती, आणि तो तिथे "थांबा" नावाचा तिसरा शब्द शिकला होता. म्हणजे मॅडमचं अगदीच चुकलं होतं असं नाही. हेच तर गोटीला जास्त लागायचं.

खांबाला ती रोज फाटकापाशी गाठायची. "सांगितलंस का त्यांना, बोलत जा म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काय. हं म्हणाले."

आणि एका दुपारी चहाच्या टपरीवर पाच भावांतला सगळ्यात धाकटा सगळ्यांना हसवत होता. "अरे, तुमचा तो खांब! फ्रिज घेऊन उतरतोय, आम्ही आपले गप, आणि हा बाबा पायरी संपली असं समजून पाय टाकतो हवेत! असा..." त्याने एक पाय उचलला, हात पसरले, डोळे फिरवले. नक्कल हुबेहूब होती. "कठड्याला अडकला म्हणून. नाही तर फ्रिज वर आणि खांब खाली. म्हणतो काय, तर पाय घसरला!"

सगळे हसले. नकला करणाऱ्या बाईला त्या नकलेत जे दिसलं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. गोटीच्या हातातला चहा तसाच निवला.

घरी नवरा फळीवर पडून रेडिओ ऐकत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला, असं तो फार क्वचित करायचा.

"तू सांगितलंस तर मित्र जाईल," तो म्हणाला. "नाही सांगितलंस तर माणूस जाईल."

"मला माहितीये ते. दुसरं काही असेल तर सांग."

"दुसरं काही असतं तर टेबलाखाली मी नसतो गेलो, गोटे. त्या दिवशी माझ्या वरच्याला दिसत होतं माझा पाय कुठे पडतोय ते. तो लाजेपायी बोलला नाही. नवा होता बिचारा."

इतक्या वर्षांत हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या सुटायच्या आधी गोटी मॅडमपुढे उभी राहिली आणि एका दमात बोलून मोकळी झाली.

मॅडमनी हातातली गाड्यांची यादी टेबलावर पालथी ठेवली. "म्हणजे तुमची गाडी इतकी चांगली होती," त्या सावकाश म्हणाल्या, "की एका माणसाला दिसत नाही हे मला दिसलं नाही."

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही सवय म्हणालात."

गोटी बाहेर आली आणि ऑफिसच्या जिन्याखाली उभी राहिली.

खांबाला त्याच दिवशी जिन्यावरून काढलं. मॅडमनी त्याला ऑफिसात फोन घ्यायचं काम देऊ केलं, खुर्ची दिली, स्वतः चहा आणून दिला. खांब खुर्चीत बसला. गुडघे टेबलात मावेनात. थोडा वेळ बसला, उठला, टोपी घातली आणि गाड्यांच्या मधून, एका हाताने प्रत्येक गाडी चाचपत, फाटकाबाहेर गेला. परत आला नाही.

आजोबा गोटीला म्हणाले, "पोरी, घड्याळ बंद पडण्यापेक्षा उघडलेलं बरं." पण म्हणताना तिच्याकडे बघितलं नाही. मग ती होहोकडे गेली. त्याला हातवाऱ्यांनी सगळं सांगितलं, डोळे, जिना, ऑफिस, आणि विचारलं, "मी बरोबर केलं ना रे?" तिला ते हो हो हवं होतं, कुणाचं तरी, कसलंही. होहोने तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तो हो म्हणाला नाही. त्याने आपला खांदा तिच्या खांद्याला टेकवला आणि तसाच उभा राहिला. बुटक्या बाईच्या खांद्याला खांदा लावायचा म्हणून त्याला गुडघे वाकवावे लागले होते.

रविवारी ती खांबाच्या घरी गेली. दार वहिनींनी उघडलं. वहिनी तोंडाने फटकळ. "आलात? या. नवऱ्याला दिसत नाही हे अख्ख्या गाडीला माहीत आणि बायकोला सगळ्यात शेवटी. मी म्हणत होते, हा माणूस शेजारी ठेवलेल्या आमटीत कोपर का घालतोय." मग आवाज एकदम खाली आला. "बरं केलंत हो. पण त्यांना सांगू नका मी असं म्हणाले ते."

खांब खिडकीपाशी पलंगावर बसला होता, पाठ दाराकडे. इतका उंच माणूस बसला की एवढासा दिसतो हे गोटीला माहीत नव्हतं.

"गोटे," तो म्हणाला. वळला नाही.

"हो."

"माझ्याशी बोलून मग जायचं होतंस ऑफिसात."

"तू जाऊ दिलं असतंस?"

"नसतं."

"मग?"

"मग काही नाही." बाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "तुला वाटतंय मी कामासाठी रागावलोय. कामाचं जाऊ दे. ते आज ना उद्या जाणारच होतं. पण तू पायरी म्हणालीस की मी पाय टाकायचो. कधी मनात आलं नाही, खरंच पायरी असेल का म्हणून."

"आणि होतीच ना दर वेळी?"

"होती. आणि त्या दिवशी ऑफिसात मला बोलावलं तेव्हा मी जिना चढत होतो. तू खाली उभी होतीस. मी विचारलं, काय काम असेल गं? तू म्हणालीस, जाऊन ये."

गोटीला ते आठवत होतं. तिचा आवाज त्या दोन शब्दांत किती सरळ होता तेही. आयुष्यभर लोकांचे आवाज काढून झाल्यावर तिने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या आवाजाची नक्कल केली होती.

"मी घाबरले रे," ती म्हणाली.

"कळतं मला. माझ्या जागी तू असतीस तर मीही सांगितलं असतं ऑफिसात. पण आधी तुझ्या तोंडावर सांगितलं असतं, आणि तुझ्या शिव्या खाल्ल्या असत्या." तो थांबला. "आता येत जाऊ नकोस. तू आलीस की मला पाय टाकावासा वाटतो."

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा गोटी निघाली होती. कप तसाच ट्रेमध्ये राहिला.

पुढच्या आठवड्यात तिच्या गाडीत एक नवा उंच गडी आला. त्याला खालच्या टोकाला लावलं. कपाट चांगलं जड होतं, जिना अरुंद. गोटीने वरचं टोक धरलं आणि बोलायला सुरुवात केली. "पायरी. पायरी. उजवीकडे खिळा आहे, शर्ट सांभाळ. पायरी." प्रत्येक पायरीला तो गडी मान वळवून, खांद्यावरून मागे बघून, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायचा आणि मगच पाय टाकायचा. वेळ लागत होता. पोरं कुरकुरली, "अरे, मावशी सांगतायत ना!"

"बघू दे त्याला," गोटी म्हणाली. "त्याने बघायलाच हवं."

कपाट खाली पोचलं. कुठे ओरखडासुद्धा आला नाही. पोरांनी टाळ्या दिल्या, गड्याने घाम पुसला आणि विचारलं, "मावशी, पुढचं कुठलं?" गोटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, हात अजून कपाट धरल्यासारखे पुढे. तिला उत्तर माहीत होतं. पलंग होता पुढचा. पण ते सांगायला तोंड उघडलं तेव्हा आवाज आलाच नाही, आणि पोरं खाली वाट बघत उभी राहिली.